कुंड्या भरण्यासाठी लाकडी टेबल: पहिल्यांदाच करवत हाती घेणाऱ्यांसाठी

परसात किंवा गच्चीवर बाग करणारी बहुतेक मंडळी कुंड्या भरण्याचे काम जमिनीवर उकिडवे बसून करतात. एका वेळी दोन-चार कुंड्या असतील तोवर त्यात काही वाटत नाही. परंतु मे महिन्याच्या अखेरीस पंचवीस-तीस कुंड्यांची माती बदलायची वेळ आली, की गुडघे आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. उभ्याने काम करता येईल असे एक साधे लाकडी टेबल केले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि असे टेबल सुतारकामाचा पूर्वानुभव नसलेल्या माणसालाही लाकूड आणि तेल सुकायला लागणारा वेळ सोडला तर दोन सुट्ट्यांच्या दिवसांत करता येते.

माझे पहिले टेबल मात्र एका पावसाळ्यातच गेले. वर साध्या प्लायचा सलग तुकडा टाकून त्यावर पत्रा ठोकला होता. जूनमध्ये मांडलेले ते टेबल गणपती येईपर्यंत फुगले होते, आणि पत्रा उचकटून पाहिला तेव्हा खालचे प्लाय पोथीच्या पानांसारखे सुटलेले होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कुंड्यांचे पाणी तर बारमाही असते. म्हणून खाली दिलेल्या प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारला आहे: इथे पडलेले पाणी कुठून बाहेर जाईल?

१. आधी उंची ठरवावी

बाजारात मिळणाऱ्या टेबलाची उंची आपल्याला सोयीची असेलच असे नाही. भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहावे, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. त्यातून ४ इंच वजा केले की टेबलाची उंची मिळते. माझे अंतर ३८ इंच भरले, म्हणून टेबल ३४ इंच उंच केले. स्वयंपाकघरातला ओटा आपल्याला सोयीचा वाटत असेल तर त्याची उंची पडताळ्यासाठी घ्यावी, पण ती जशीच्या तशी उचलू नये. ओट्यावर आपण भाजी ओट्याच्या पातळीवर चिरतो. कुंडी भरताना मात्र हात कुंडीच्या काठावर चालतो आणि तो काठ टेबलाच्या आठ-दहा इंच वर असतो. ज्यांचे काम मुख्यतः १२ इंची कुंड्यांचे आहे त्यांनी उंची आणखी २ इंच कमी करावी. ज्यांना बियांचे ट्रे आणि छोट्या पिशव्याच भरायच्या आहेत त्यांनी ती तशीच ठेवावी.

लांबी ४ फूट पुरते. खोली साडेएकोणीस इंचांपेक्षा फार वाढवू नये, कारण मागच्या कडेपर्यंत हात पोचला नाही तर तिथे अडगळ साठते.

२. लाकूड कोणते घ्यावे

साग उत्तम, याबद्दल दुमत नाही; पण मातीकामाच्या टेबलासाठी नवा साग घेणे मला जिवावर येते. कोकणात ऐन आणि किंजळ मिळते, ते मजबूत असते, मात्र नवशिक्याच्या हाताला ते कठीण जाते आणि आधी भोक पाडल्याशिवाय त्यात स्क्रू शिरत नाही. आकेशिया स्वस्त आहे आणि बहुतेक वखारींत असतो. कुठलेही लाकूड घेतले तरी फळीचा गडद गाभा पाहून घ्यावे. कडेचा फिकट, पांढरट भाग वाळवी आणि लाकूड पोखरणारे किडे सर्वांत आधी खातात.

जुन्या घराचे लाकूड मिळत असेल तर त्यासारखे दुसरे काही नाही, कारण ते वर्षानुवर्षे सुकलेले असते. त्यात दोन धोके असतात. पहिला म्हणजे आत मोडून राहिलेले खिळे, जे करवतीचे दात घालवतात. ते शोधण्यासाठी एखादे जोरकस लोहचुंबक फळीवरून फिरवावे. दुसरा म्हणजे जुना तैलरंग. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कडक मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे आणि असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

परदेशी मालाबरोबर आलेली पाइनची पॅलेट आणि खोकी फुकट किंवा फार थोड्या पैशांत मिळतात. त्यांवर गव्हाच्या कणसाचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले असते, आणि ते भाजीच्या बागेजवळ आणू नये. शिक्का ठीक असला तरी तेलकट डाग किंवा उग्र वास असलेले पॅलेट सोडून द्यावे, कारण त्यावर पूर्वी काय सांडले होते हे कोणी सांगू शकत नाही. पाइन मऊ असल्यामुळे शिकण्यासाठी चांगले, पण उघड्या पावसात ते फार काळ टिकत नाही.

प्लाय घेण्याचा मोह झालाच तर निदान शिक्का वाचावा. आयएस ३०३ हे साध्या प्लायचे मानक आहे आणि आयएस ७१० हे मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचे. मी मात्र या कामात प्लाय वापरूच नये असे म्हणेन. कापलेली कड उघडी राहिली की पाणी तिथूनच आत शिरते.

३. वखारीत काय मागावे

वखारीत लाकूड घनफुटावर विकले जाते. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत धरून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे, म्हणजे घनफूट मिळतात. हा हिशोब घरूनच कागदावर करून न्यावा. नवखा माणूस नेमका फसतो तो मापात: ३ बाय १ ची पट्टी म्हणून जी मिळते ती करवतीवरून उतरलेली, खडबडीत असते आणि रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने उतरते. त्यामुळे ‘रंधा मारून तयार माप’ इतके हवे, असे स्पष्ट सांगावे. सुतार जाडी सुतांत बोलतात. ८ सूत म्हणजे १ इंच, हे लक्षात असले की अर्धा गोंधळ मिटतो.

३४ इंच उंचीच्या टेबलासाठी तयार मापाचे तुकडे असे लागतील:

पाय, अडीच बाय दीड इंच: पुढचे २, प्रत्येकी ३३ इंच २ सूत; मागचे २, वर मांडणी येते म्हणून उंच, प्रत्येकी ५२ इंच.
लांब पट्ट्या, अडीच इंच बाय ६ सूत: ५, प्रत्येकी ४६ इंच.
आडपट्ट्या, त्याच मापाच्या: ६, प्रत्येकी १७ इंच ६ सूत.
वरच्या फळ्यांच्या मागची पट्टी, त्याच मापाची: १, साडेबेचाळीस इंच.
मागचा तिरका आधार, त्याच मापाचा: १, सुमारे ४८ इंच, जागेवर मोजून कापायचा.
फळ्या, ४ इंच बाय ६ सूत: ४८ इंचांच्या ५ (चार वर, एक मांडणीसाठी) आणि ४६ इंचांच्या ३ (खालच्या फळीसाठी).

कापण्यात जाणारे आणि गाठींमुळे टाकून द्यावे लागणारे लाकूड धरून पायांच्या मापाचे १६ फूट, पट्टीचे ४० फूट आणि फळीचे ३६ फूट घ्यावे. खडबडीत मापात हे सारे मिळून अडीच ते पावणेतीन घनफूट होते. उंची बदलली तर फक्त पायांची मापे बदलतात, बाकी सारे तसेच राहते.

४. हत्यारे, साहित्य आणि कागद

हत्यारांत करवत, गुण्या (काटकोन आखण्याचे हत्यार), मोजपट्टी, ड्रिल मशीन, ३ मिलिमीटरचे बिट, स्क्रूचे डोके बुडवण्याचे बिट, दोन क्लॅम्प (तुकडे घट्ट धरून ठेवणारे शिकंजे) आणि ८० व १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. रंधा वखारीतच मारून आणला तर घरी त्याची गरज पडत नाही. ड्रिल शेजाऱ्याकडून मागून आणले तरी चालेल, पण गुण्या स्वतःचा आणि खात्रीचा असावा.

स्क्रू ८ नंबरचे, ५० मिलिमीटर लांबीचे, स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. शंभराच्या आसपास लागतात, सव्वाशे आणावेत. तिरक्या आधारासाठी ३२ मिलिमीटरचे आठ वेगळे घ्यावेत, कारण तिथे ५० मिलिमीटरचा स्क्रू पलीकडे बाहेर येतो. साधे काळे ड्रायवॉलचे स्क्रू स्वस्त असतात म्हणून कोणी घेऊ नयेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते पहिल्याच वर्षी गंजतात, आणि आकेशियासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पसरतात.

लाकडाचे बिल जपून ठेवावे. स्वतःच्या परसातले झाड तोडून लाकूड काढण्याचा विचार असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि तोडलेले लाकूड गाडीतून नेतानाही वन खात्याच्या पासाची चौकशी आधीच करून ठेवलेली बरी. टेबल सोसायटीच्या गच्चीवर ठेवायचे असल्यास सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

५. लाकूड सुकू द्यावे

हे काम दिवाळीनंतर सुरू करावे. वखारीतून आणलेले लाकूड सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी, दोन थरांच्या मध्ये पातळ पट्ट्या घालून रचून ठेवावे. ते सुकले की नाही हे ओळखण्यासाठी एक तुकडा दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड आपल्याकडच्या हवेशी जुळले. मला पाच आठवडे थांबावे लागले. ओल्या लाकडाचे टेबल आज सुरेख दिसते आणि एप्रिलमध्ये त्याचे पाय वेगवेगळ्या दिशांना पाहू लागतात.

६. कापणे

आधी सर्व लांब तुकडे कापावेत, उरलेल्यांतून आखूड. चारही पाय एकदम मोजू नयेत. पहिला पुढचा पाय कापावा, मग त्यालाच नमुना धरून दुसरा आखावा. मोजपट्टीने दोनदा मोजल्यास अर्ध्या सुताचा फरक पडतोच, नमुना धरल्यास पडत नाही. गुण्याने रेघ चारही बाजूंनी फिरवून घ्यावी आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी. कापून झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा पेन्सिलीने लिहावी.

७. बाजूच्या दोन चौकटी

पुढचा आणि मागचा पाय जमिनीवर शेजारी, अडीच इंची बाजू वर करून ठेवावेत. दोन्हींच्या बाहेरच्या कडांतले अंतर १७ इंच ६ सूत, म्हणजे आडपट्टीच्या लांबीएवढे, असावे. वरची आडपट्टी अशी ठेवावी की तिची वरची कड पुढच्या पायाच्या डोक्याशी समतल येईल. खालच्या आडपट्टीची वरची कड जमिनीपासून १० इंचांवर घ्यावी. मग दोन फळ्यांच्या मध्ये सुमारे २० इंच जागा उरते, ज्यात शेणखताचे पोते, बादली आणि घमेले आरामात राहते. प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू, तेही समोरासमोर नव्हे, तिरपे. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर पट्टीच्या टोकाला चीर जाते.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो, मीही केली. दोन्ही चौकटी एकसारख्या करायच्या नसतात, त्या डाव्या-उजव्या चपलांसारख्या असतात. आडपट्ट्या टेबलाच्या आतल्या अंगाला येतात, त्यामुळे पहिली चौकट झाली की ती तशीच ठेवून दुसरीचे पाय तिच्या उलट क्रमाने मांडावेत. दुसरीचे स्क्रू मारण्यापूर्वी दोन्ही चौकटी हाताने उभ्या करून पाहाव्यात: उंच पाय दोन्हींकडे मागे, आणि आडपट्ट्या एकमेकींकडे तोंड करून. हे पाहण्याला अर्धे मिनिट लागते. न पाहिल्यास आठ स्क्रू काढावे लागतात आणि जुनी भोके कायमची राहतात.

८. चौकटी जोडणे

आता कोणाची तरी मदत लागेल. दोन्ही चौकटी बाहेरून बाहेर ४६ इंच अंतरावर उभ्या कराव्यात आणि वरची पुढची लांब पट्टी पुढच्या पायांच्या दर्शनी बाजूला, वरची मागची लांब पट्टी मागच्या पायांच्या पाठीला क्लॅम्पने धरावी. स्क्रू मारताना लक्षात ठेवावे की पायात आडपट्टीचे स्क्रू आधीच एका दिशेने शिरलेले आहेत. लांब पट्टीचे स्क्रू त्यांच्यापेक्षा किमान ३ सूत वर किंवा खाली घेतले नाहीत तर आत स्टीलवर स्टील आपटते आणि बिट मोडते.

एका टोकाला एकेकच स्क्रू मारून थांबावे आणि वरून पाहता दिसणाऱ्या आयताचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर ज्या कोपऱ्यांतला कर्ण मोठा आहे त्या कोपऱ्यांना दाब द्यावा, पुन्हा मोजावे, आणि मगच उरलेले स्क्रू मारावेत. खालच्या दोन लांब पट्ट्या, मधल्या दोन आडपट्ट्या आणि मांडणीखालची पाचवी पट्टी त्यानंतर बसवावी. ही पाचवी पट्टी मागच्या पायांच्या पुढच्या बाजूला, डोक्याशी समतल येते.

शेवटी मागून तिरका आधार. वरच्या पट्टीच्या एका टोकापासून खालच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो बाहेरून लावावा आणि ३२ मिलिमीटरचे स्क्रू मारावेत. भरलेली १२ इंची कुंडी पाणी घातल्यावर पंधरा-वीस किलोंची होते. ती टेबलावर सरकवताना बसणारा आडवा धक्का नुसते सांधे सोसत नाहीत.

९. फळ्या, आणि त्यांच्यामधल्या फटी

मागची साडेबेचाळीस इंची पट्टी दोन मागच्या पायांच्या मध्ये बसते. ती पायाच्याच रुंदीची असल्यामुळे कुठेही खाच पाडावी लागत नाही. तिच्यापुढे चार फळ्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये २ सूत फट. फट सारखी येण्यासाठी ६ मिलिमीटर प्लायचा तुकडा मध्ये धरावा. पुढची फळी लांब पट्टीच्या १ इंच बाहेर येते आणि दोन्ही टोकेही १-१ इंच बाहेर येतात.

या फटींवर माझ्याशी अनेकांनी वाद घातला आहे, कारण त्यांतून माती खाली सांडते. ती सांडते हे खरे. तिच्यासाठी खालच्या फळीवर घमेले ठेवावे, किंवा माती कालवताना वर एक सुटा पत्र्याचा ट्रे ठेवून काम झाल्यावर उचलावा. पत्रा ठोकून मात्र बसवू नये. फट दोन कारणांसाठी हवी. पाणी तिच्यातून निघून जाते, आणि पावसाळ्यात रुंदीत दीड-दोन मिलिमीटर फुगणाऱ्या फळीला जागा मिळते. फट न ठेवलेल्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि स्क्रू उपटतात. काम भर पावसाळ्यात करावे लागलेच तर लाकूड आधीच फुगलेले असते, तेव्हा १ सूत फट पुरे.

फळी किंचित वाकलेली असेल तर फुगीर बाजू वर ठेवावी. खोलगट बाजू वर ठेवली की तिच्यात पाण्याचे तळे होते. प्रत्येक आडपट्टीवर दोन स्क्रू मारावेत, आणि त्यांचे डोके पृष्ठभागाशी समतल ठेवावे. ते खोल बुडवले तर तिथे वाटी तयार होते. खालच्या तीन फळ्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये त्याच फटीने बरोबर बसतात. उरलेली फळी मागच्या पायांच्या डोक्यावर आणि पाचव्या पट्टीवर मांडणी म्हणून लावावी. आमच्याकडे वानरांचा वावर आहे, म्हणून मांडणीवर कुंड्या न ठेवता फक्त खुरपी, सुतळी आणि बियांचे डबे ठेवतो. पट्टीला आकडे लावले की कात्री आणि चाळणीही तिथेच लटकते.

१०. तेल

व्हार्निशची चकाकी चांगली दिसते, पण एकदा तडा गेला की पाणी त्याच्याखाली अडकते. त्यापेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारे बेल तेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, बरे. पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून पहिला हात निम्म्यास निम्मे टर्पेंटाइन मिसळून द्यावा, म्हणजे तेल आत मुरते. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल फडक्याने पुसून काढावे, नाहीतर पृष्ठभाग महिनाभर चिकट राहतो. एक दिवस जाऊ देऊन दुसरा आणि तिसरा हात नुसत्या तेलाचा द्यावा. पायांचे तळवे उभ्या तंतूंचे असल्यामुळे स्पंजासारखे पाणी ओढतात. ते वाटीभर तेलात रात्रभर बुडवून ठेवावेत. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात, ते तळव्यांसाठी फार उपयोगी आहे, पण कातडीवर पडले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

११. जागेवर ठेवणे

प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाय मातीत उभा राहत नाही आणि वाळवीने चढायला सुरुवात केली तर तिची मातीची नळी फरशीवर लगेच दिसते. गच्चीवर ठेवताना जाड रबराचे तुकडे वापरावेत आणि टेबल पक्के करण्यासाठी स्लॅबला भोक पाडू नये. वॉटरप्रूफिंगला गेलेले एक भोक खालच्या मजल्यावरच्या छतात उगवते. भिंतीपासून टेबल चार बोटे दूर असावे.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, सर्व स्क्रू एकदा हाताने आवळून पाहावेत. लाकूड फुगून पुन्हा आकसल्यामुळे काही ढिले झालेले असतात. ढिला स्क्रू फिरतच राहिला तर भोकात आगपेटीच्या दोन काड्या गोंद लावून ठोकाव्यात आणि स्क्रू पुन्हा मारावा. तेलाचा एक हात दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, आणि तळव्यांना आधी.